नागपूरहून केनियाला मिशनकामासाठी जाणारं जोडपं : पहिले तीन आठवडे कसे लावावेत?

सदरचा_घंटानाद
सर्वांना सलाम.
आमच्या मंडळीतलं (म्हणजे चर्चमधलं) एक तरुण जोडपं जानेवारीत केनियाला जातंय. ती बी.एस्सी. नर्सिंग आहे आणि शिकवतेही. तो हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करणारा तंत्रज्ञ. माउंट केनियाच्या पूर्व उतारावरचं प्रेस्बिटेरियन मंडळीचं हॉस्पिटल, नेमणूक तीन वर्षांची. मूल नाही.

समितीत दोन मतं आहेत. काही वडीलधाऱ्यांना वाटतं की हे दोघे लोकांच्या दानावर चाललेत, तेव्हा पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर उभं राहावं. माझं मत उलट आहे. पहिले तीन आठवडे वॉर्डात आणि वर्कशॉपमध्ये पाऊलही ठेवू नये. घर, कागदपत्रं, बाजार, भाषा आणि तिथल्या मंडळीत गुपचूप मागच्या बाकावर बसणं, एवढंच करावं. ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी नेमकं सांगा. "देव सांभाळील" हे आम्हालाही ठाऊक आहे, पण यादी करायची आहे.

मेकोसाबाग_७
तीन आठवडे जास्त होतात. तिकडे नर्सेस कमी असतात म्हणून तर बोलावलं ना जी? वॉर्ड भरलेला आणि ही बाजारात भाज्यांची नावं शिकतेय, हे बरं दिसत नाही. आठवडा पुरे.

परिचारिका_विदर्भ
मेकोसाबाग_७ दादा, बरं दिसण्याआधी कायद्याचा प्रश्न आहे. तिकडच्या नर्सिंग कौन्सिलचा परवाना हातात आल्याशिवाय तिने पेशंटला इंजेक्शन देणं सोडाच, चार्टवर सहीसुद्धा करू नये. काही बिघडलं तर ती, मेट्रन (मुख्य परिचारिका) आणि हॉस्पिटल तिघंही अडचणीत.

परवान्याचं काम नागपुरातूनच सुरू करायचं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी आणि गुड स्टँडिंगचा, म्हणजे तिच्याविरुद्ध काही कारवाई नसल्याचा, दाखला मागवायचा. पडताळणी एका कौन्सिलकडून दुसऱ्या कौन्सिलकडे थेट जावी लागते, उमेदवाराच्या हातची प्रत सहसा चालत नाही. याला वेळ लागतो, म्हणून तिकीट काढायच्या आधी अर्ज. सोबत कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट हवं, त्यात विषयवार तास आणि प्रात्यक्षिकाचे तास दोन्ही दाखवलेले असावेत. नुसत्या मार्कशीटवर फाईल अडते.

परवाना येईपर्यंत निरीक्षक म्हणून राउंडला उभं राहता येतं का, हे मेट्रनला लेखी विचारा. तेवढं मिळालं तरी खूप शिकायला मिळतं. औषधांची नावं, ड्रग चार्टचा नमुना, रात्रपाळीत कोण कोणाला हाक मारतं, हे सगळं उभं राहूनच कळतं.

कागदपत्रवाला
ताईंच्या मुद्द्याला जोडून इमिग्रेशनचं सांगतो.

केनियाने जानेवारी २०२४ पासून जुना व्हिसा बंद करून ईटीए (ऑनलाइन प्रवास परवानगी) आणलं. ईटीए म्हणजे देशात शिरायची परवानगी, काम करायची नव्हे. मिशनरी आणि सेवाभावी कामासाठी 'क्लास आय' वर्क परमिट लागतं आणि त्याचा अर्ज बोलावणारी संस्था करते. हा अर्ज ते दोघे नागपुरात असतानाच झालेला असावा. परमिट लांबलं तर मधल्या काळासाठी 'स्पेशल पास' मिळतो, तोही संस्थेनेच मागायचा.

इथे बहुतेक मंडळ्या चुकतात. नवऱ्याचं परमिट काढतात आणि बायकोला त्याची अवलंबित म्हणून दाखवतात. अवलंबिताच्या पासवर राहता येतं, काम करता येत नाही, मग ते बिनपगारी का असेना. दोघंही काम करणार असतील तर परमिटही दोन.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून काढायचं. फार आधी काढू नका, तिकडे ताजं मागतात. पदव्यांवर कोणता शिक्का लागेल, परराष्ट्र मंत्रालयाचा की पुढे दूतावासाचाही, हे संस्थेकडून लेखी घ्या. पोचल्यावर ९० दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची, तिला तिकडे 'एलियन कार्ड' म्हणतात. बँकेच्या खात्यासाठी करखात्याचा पिन, म्हणजे करदाता क्रमांक, लागतो. म्हणजे घंटानाद साहेबांचे तीन आठवडे रिकामे नाहीतच, अर्धे खिडक्यांसमोरच जातील.

मेकोसाबाग_७
अवलंबितवाली गोष्ट माहीत नव्हती. समितीत सांगतो. पण तंत्रज्ञाला कसला परवाना? तो तरी लागू द्या कामाला.

कागदपत्रवाला
परमिट त्यालाही लागतंच. ते हातात आलं की लागू द्या.

ऑटोक्लेव्ह
तंत्रज्ञाबद्दल मी लिहितो. परमिट असलं तरी पहिले काही दिवस त्याने पाना उचलू नये, वही उचलावी. खोली-खोलीत जाऊन प्रत्येक यंत्राचं नाव, मॉडेल, अनुक्रमांक, व्होल्टेज, चालू की बंद, बंद असेल तर कधीपासून आणि कोणत्या भागासाठी, हे लिहून काढावं. मिशन हॉस्पिटलांत यंत्रं पाच-सात देशांतून दानात आलेली असतात. अमेरिकेतून आलेलं यंत्र ११० व्होल्टचं असतं आणि कोणीतरी ते २४० च्या सॉकेटमध्ये घातलेलं असतं. त्याचा पॉवर सप्लाय गेलेला असतो, बाकी यंत्र धडधाकट.

दुसरं म्हणजे तिथे आधीपासून काम करणारा स्थानिक तंत्रज्ञ असतोच. त्याने तारेने बांधून चालू ठेवलेल्या सक्शन मशीनला हा नवीन माणूस पहिल्याच दिवशी "हे चुकीचं आहे" म्हणाला, तर तीन वर्षं ते नातं सुधारत नाही. ती तार का बांधली हे आधी विचारावं. बहुतेक वेळा सुटा भागच मिळालेला नसतो.

सोबत न्यायचं म्हणाल तर चांगला मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, अर्थ टेस्टर, मेट्रिक आणि इंची दोन्ही अॅलन की, ओ-रिंगचा डबा, थोडे फ्यूज. सोल्डरिंग गन चेक-इनमध्ये. लिथियम बॅटरीच्या सुट्या सेल आणि पॉवर बँक हॅन्डबॅगेत.

रामदासपेठ_गृहिणी
घरचं कोणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते.

केनियात सॉकेट ब्रिटिश पद्धतीचं, तीन चौकोनी पिनांचं. व्होल्टेज आपल्यासारखंच, ५० हर्ट्झ, म्हणजे मिक्सर न्यायला हरकत नाही. प्रत्येक वस्तूला अॅडॉप्टर लावत बसू नका. आपला एक चांगला एक्स्टेन्शन बोर्ड न्या आणि तिथे त्याला ब्रिटिश प्लग बसवून घ्या. त्या प्लगच्या आत फ्यूज असतो. इस्त्री आणि हीटर मात्र थेट भिंतीच्या सॉकेटवर, तिकडच्याच प्लगने.

गॅसचा आपला रेग्युलेटर तिकडे बसत नाही, नेऊ नका. सिलेंडर ६ आणि १३ किलोचे मिळतात. दोघांना सुरुवातीला ६ चे दोन घेतलेले बरे, एक संपला तर स्वयंपाक अडत नाही.

कुकर न्या, आणि त्याच कंपनीच्या दोन रबरी रिंगा, एक शिट्टी, दोन सेफ्टी व्हॉल्व्ह. हे सुटे भाग खेड्यात मिळत नाहीत.

ऑटोक्लेव्ह
कुकरवरून आठवण झाली. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर. ते हॉस्पिटल दीड हजार मीटरच्या वर असणार. नैरोबीच १,८०० च्या आसपास आहे. १,८०० मीटरवर पाणी साधारण ९४ अंशालाच उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी दाणा कडकच राहतो. कुकरमध्ये शिट्टीचं वजन तेवढंच, पण बाहेरच्या हवेचा दाब कमी, म्हणून आतलं तापमान १२१ ऐवजी ११७-११८ च्या आसपास राहतं. डाळ आधी दोन तास भिजवा आणि शिट्ट्या दोन वाढवा.

वॉर्डातली शेगडीवरची निर्जंतुकीकरणाची भांडी याच नियमाने चालतात. तिथे उंचीप्रमाणे दाब किंवा वेळ वाढवली आहे का, हे त्याने वहीत पहिल्या पानावर लिहावं. डाळ कच्ची राहिली तर कळते, जंतू राहिले तर दिसत नाहीत.

वऱ्हाडी_थाट
तुरीची डाळ तिकडे मिळते का पण? वरण नाही तर मिशन कसं चालणार!

रामदासपेठ_गृहिणी
तूर तिकडे पिकतेच, म्बाझी म्हणतात. बाजारात बहुतेक अख्खी मिळते, म्हणून डाळ हवी तर नैरोबीतल्या पार्कलँड्स भागातल्या भारतीय दुकानांतून महिन्याची भरावी. मूग म्हणजे देंगू. ज्वारी म्हणजे म्तामा, नाचणी म्हणजे विम्बी. पिठाच्या गिरणीवाल्याला म्तामा वेगळी, मक्याशिवाय दळायला सांगायची. भाकरी नीट होते. चपाती तर त्यांच्याकडे 'चपाती'च, फक्त मैद्याची आणि तेल लावून थरांची.

सावजी मसाला न्यायचा असेल तर सुकं खोबरं न घालता दळून घ्या. खोबऱ्यामुळे दोन महिन्यांत खवट होतो. सुकं खोबरं विमानाच्या सामानात ठेवूच नका, सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात. बियाणं, कढीपत्त्याची रोपं अजिबात नाही, शेतीमालाच्या आयातीवर तिकडे कडक नियम आहेत. आणि सामान प्लास्टिकच्या कॅरीबॅगमध्ये बांधू नका, केनियात ऑगस्ट २०१७ पासून त्यांवर बंदी आहे. कापडी पिशव्या शिवून घ्या.

स्वेटर! आपले लोक आफ्रिका म्हटलं की सुती कपडे भरतात. जून ते ऑगस्ट त्या उंचीवर रात्री चांगलीच थंडी असते. एक जाड रजई तिथेच घ्या.

डॉ_बेझनबाग
आरोग्याचं थोडक्यात.

पिवळ्या तापाची लस. भारतातून थेट जाणाऱ्याला केनिया ती मागत नाही, पण परत येताना भारत मागतो. प्रमाणपत्र नसेल तर इथल्या विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. घरी कोणी आजारी पडलं म्हणून धावत यायचं आणि तिथेच अडकायचं, हे नको. लस फक्त सरकारमान्य केंद्रावर मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य आहे. लस जिवंत विषाणूची असल्याने गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, अंड्याची तीव्र अॅलर्जी हे डॉक्टरांना आधी सांगायचं.

मलेरिया. डोंगराळ भागात धोका कमी, पण किसुमूकडे, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला किंवा किनाऱ्याला गेलं की खूप. आपल्याकडे मलेरियाचा व्हायवॅक्स प्रकार पुष्कळ दिसतो, तिकडे मुख्यतः फाल्सिपॅरम, जो दोन-तीन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. तीन वर्षं रोज गोळ्या घेणं बहुतेकांना जमत नाही, म्हणून औषध लावलेली मच्छरदाणी रोज आणि धोक्याच्या भागात जाताना डॉक्टरांनी ठरवलेली गोळी. ताप आला की त्याच दिवशी रक्ततपासणी, "प्रवासाचा शीण असेल" म्हणायचं नाही. आणि सुट्टीवर नागपुरात आल्यावर ताप आला तर पहिलं वाक्य "आम्ही केनियातून आलोय" हेच.

पाणीदार
पाण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. मिशनच्या घरांना बहुधा पत्र्याच्या छपराचं पाणी टाकीत घेतलेलं असतं. जानेवारी-फेब्रुवारी कोरडे, मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे हे दोघे पोचल्यावर महिना-दोन महिन्यांत टाकी रिकामी होत येईल. तीच साफ करायची वेळ.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ६० चौरस मीटरचं छप्पर असेल तर पहिल्या मिलिमीटरचे ६० लिटर धूळ, पक्ष्यांची घाण घेऊन येतात, ते बाहेर सोडायचे. पन्हाळीच्या खाली उभा पाइप, तळाला झाकण, वर टी-जोड. आधी पाइप भरतो आणि मग पाणी टाकीकडे वळतं. चार इंची पाइपात मीटरला साधारण आठ लिटर मावतात, म्हणून ६० लिटरसाठी पाइप पुरत नाही, खाली छोटा ड्रम जोडावा लागतो. तळाच्या झाकणाला बारीक भोक ठेवायचं, नाहीतर दर पावसानंतर हाताने रिकामा करावा लागतो आणि ते कोणी करत नाही. टाकीच्या तोंडाला डासांची जाळी.

पिण्याचं पाणी खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. बोअरचं पाणी असेल तर मात्र उकळून भागत नाही. रिफ्ट व्हॅलीच्या पट्ट्यात आपल्या चंद्रपूर-यवतमाळसारखाच फ्लोराइडचा प्रश्न आहे. फ्लोराइड उकळल्याने वाढतो, कॅन्डल फिल्टरने जात नाही. आधी तपासणी.

बँकेतला_भाऊ
पैशांचं. परदेशी जायच्या आधी बँकेला कळवून साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्या. जुनं पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन उघडता येत नाही. नोटांमध्ये डॉलर माणशी ३,००० पर्यंत, बाकी कार्डावर. डॉलरच्या नोटा नव्या मालिकेच्या, न फाटलेल्या, शिक्के नसलेल्या घ्या, पूर्व आफ्रिकेत जुन्या नोटांना कमी भाव मिळतो किंवा घेतच नाहीत.

भारतातला मोबाइल नंबर जिवंत ठेवा. सगळे ओटीपी त्यावर येतात. किमान रिचार्ज आणि रोमिंग सुरू आहे का हे निघण्याआधी तपासा.

तिकडे सगळं एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेवर चालतं, २००७ पासून. सिम मूळ पासपोर्ट दाखवून दोघांच्या नावाने वेगवेगळं घ्यायचं. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर येणारं नाव वाचायचं. चुकलं तर तो मेसेज लगेच ४५६ ला पुढे पाठवायचा. वीजही त्यावरच, मीटर प्रीपेड असतो. पैसे भरले की वीस आकडी टोकन येतं, ते मीटरमध्ये दाबायचं. घरात शिरल्याबरोबर मीटर नंबर लिहून घ्या आणि आधीच्या भाडेकरूची थकबाकी त्यावर नाही ना, हे विचारा.

आणि मंडळीच्या खजिनदारांसाठी: धर्मादाय ट्रस्टने परदेशात केलेला खर्च करसवलतीत आपोआप धरला जात नाही, त्याला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मान्यता लागते. सी.ए.ला विचारल्याशिवाय ट्रस्टच्या खात्यातून नैरोबीला पैसे पाठवू नका.

मीनाताई_मार्टिननगर
भाषा राहिली. पहिल्याच रविवारी पाहुण्यांना उपासनेत उभं करून बोलायला सांगतात, हे नक्की. तेव्हा दोन ओळी स्वाहिलीत पाठ असाव्यात. सुरुवात "ब्वाना आसिफिवे" म्हणजे प्रभूची स्तुती असो, मंडळी "आमेन" म्हणते. मग नाव, गाव, आभार. एवढंच. पहिल्या रविवारी आपल्या कामाची योजना सांगायची नाही. हॉस्पिटलच्या आसपास घरात मेरू भाषा बोलतात, तिच्यातला नमस्कार शेजारणीकडून शिकून घ्यावा, म्हाताऱ्या पेशंट खुलतात.

वेळेचा घोळ होतो तोही सांगते. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. "सा तातू" म्हणजे तीन, पण आपल्या घड्याळात सकाळचे नऊ. सहा मिळवायचे. हॉस्पिटलच्या ड्युटीच्या कागदावर नेहमीची वेळ असते, बोलण्यात मात्र ही. बैठक ठरली की घड्याळावर बोट ठेवून खात्री करावी.

बाईला पहिल्या मुलाच्या नावाने "मामा अमुक" म्हणतात. मूल नसलं की "कधी?" हा प्रश्न येणारच, आपल्या खेड्यात येतो तसाच. दोघांनी उत्तर आधी ठरवून ठेवावं, म्हणजे तिला एकटीला झेलावं लागत नाही.

वऱ्हाडी_थाट
मीनाताई, हे शेवटचं फार बरोबर. यादीत टाकाच.

सदरचा_घंटानाद
टाकलं. मदत मागायला येणाऱ्यांबद्दल कोणी लिहील का? आमच्या समितीत यावरच सर्वांत जास्त वाद होतो.

परिचारिका_विदर्भ
शाळेची फी, औषध, अंत्यविधी, तीन कारणांनी लोक दारात येतात आणि तिन्ही बहुधा खरी असतात. माझ्या मते पहिले सहा महिने रोख कोणालाही देऊ नये. तिथल्या मंडळीचे एल्डर आणि डीकन (चर्चचे निवडलेले वडील आणि सेवक) यांना प्रत्येक घर माहीत असतं. द्यायचंच तर त्यांच्या हाती द्यावं, नाव न सांगता.

जुना_प्रचारक
ताई, अर्धं मान्य. दारात तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन आई आली आणि आपण "डीकनकडे जा" म्हणालो, तर शुभवर्तमान कसलं सांगणार? रोख देऊ नका, पण उठून तिच्यासोबत दवाखान्यात जा आणि काउंटरवर बिल भरा. नियम फीसाठी आणि धंद्याच्या भांडवलासाठी ठेवा, आजारपणासाठी नको.

परिचारिका_विदर्भ
आजारपणाचं मान्य. पण बिल भरताना हॉस्पिटलच्या गरीब रुग्ण निधीतून भरलं जाईल असं बघा. नाहीतर आठवड्याभरात वॉर्डाबाहेर त्यांच्याच नावाने रांग लागते आणि बाकीच्या नर्सेसना तोंड द्यावं लागतं.

जुना_प्रचारक
हे पटलं.

मूळ प्रश्नाकडे येतो. चोगोरिया, तुमुतुमु, किकुयू ही त्या भागातली स्कॉटिश मिशनची जुनी ठिकाणं. चोगोरियाचं काम १९२२ मध्ये सुरू झालं. आपल्याकडे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले तेही स्कॉटलंडहूनच. त्यांनी मराठी शिकून घेतली आणि गोंड लोकांची गाणी, माहिती टिपत गावोगाव हिंडले, ते टिपण त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये छापलं गेलं. ज्या शहरात २९ नोव्हेंबर १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, त्या शहरातून आज माणसं तिकडे जाताहेत. तेव्हा आपण पाठवणारे आहोत, मालक नाही. त्यांचा दिवस कसा जावा हे ठरवायचा हक्क नागपूरच्या समितीला नाही, तिथल्या मंडळीला आहे. तीन आठवडे की आठवडा हा प्रश्न आपण त्यांनाच पत्राने विचारायला हवा.

मेकोसाबाग_७
प्रचारक काका, हे मान्य. पण इथल्या देणगीदारांना काय सांगायचं? ते फोटो मागतात.

डॉ_बेझनबाग
पेशंटचे फोटो नाही म्हणजे नाही. लेखी संमतीशिवाय रुग्णाचा चेहरा, नाव, आजार प्रार्थनेच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकणं चुकीचंच आहे, शिवाय केनियात २०१९ चा डेटा संरक्षण कायदा आहे. महिन्यातून एक पत्र, त्यात पाण्याची टाकी, भाषेचा वर्ग, परवान्याची स्थिती. देणाऱ्याला कामाची खरी गती कळू द्या.

कागदपत्रवाला
पत्रात परमिटचे क्रमांक, पासपोर्टचा फोटोही नको. त्याच्या प्रती दोन ठिकाणी ठेवा, एक मंडळीच्या कार्यालयात, एक घरच्यांकडे. नैरोबीतल्या भारतीय उच्चायोगाचा पत्ता आणि आपत्कालीन नंबर दोघांच्या फोनमध्ये आणि कागदावरही. घरच्या संकटासाठी परतीच्या दोन तिकिटांचे पैसे वेगळे काढून ठेवा, ते कामाच्या खर्चात वापरायचे नाहीत.

सदरचा_घंटानाद
सर्वांचे मनापासून आभार. प्रचारक काकांच्या म्हणण्याप्रमाणे तिथल्या पाळकसाहेबांना आणि मेट्रनना आजच पत्र लिहितो. पहिल्या महिन्याचा दिनक्रम तेच ठरवतील. आमच्याकडून चार प्रश्न जातील: दोन्ही परमिटचे अर्ज कुठवर आलेत, निरीक्षक म्हणून राउंडला परवानगी मिळेल का, घराला पाणी कुठलं आहे, आणि भाषा शिकवायला कोण मिळेल. पिवळ्या तापाच्या लशीची तारीख या आठवड्यात घेतोय.

ऑटोक्लेव्ह
पाचवा प्रश्न घाला. हॉस्पिटलचा जनरेटर किती केव्हीएचा आहे आणि ऑपरेशन थिएटरची वायरिंग त्यावर वेगळी काढलेली आहे का. उत्तर आलं की मला कळवा, त्याप्रमाणे त्याच्या पेटीत काय घालायचं ते सांगतो.